एकोणचाळीस होड्या

पेठबंदर,
६ मे १९८४

ती. मार्तंडदादास,
वामनचा शि. सा. न. वि. वि.

बाबांच्या होडीच्या डाव्या बाजूच्या नऊ फळ्या निघाल्या, दहावी निघत नाही. शेजारचा जगन्नाथ पहार घालून बसला आहे, सुतार त्याला शिव्या देतो आहे की लाकूड फोडू नकोस, आणि मी हात पुसून हे लिहायला घेतलं आहे, कारण मला तिथे उभं राहवत नाही. नवी घालायची तर जुनी आधी मोड, असं तू सांगितलंस म्हणून मोडतो आहे. नाहीतर आणखी दोन वर्षं तरी तिने पाणी सोसलं असतं.

मच्छीमार सोसायटीचा नवा ठराव तू मागितला होतास. नक्कल मिळाली की पाठवतो, पण थोडक्यात असा आहे. येत्या नारळी पौर्णिमेला बंदरावरच्या होड्यांची पहिली यादी होईल आणि यादीतल्या प्रत्येक होडीला नंबर मिळेल. त्यानंतर या बंदरातून एकही जास्तीची होडी समुद्रात जाणार नाही. ज्याला नवी पाहिजे त्याने जुनी काढायची आणि तिच्याच नंबरावर नवी घालायची. आजवर आपल्याकडे नंबर नव्हतेच, वाळूवरची जागा हाच नंबर. बाबांची जागा देवळाच्या पायरीपासून सतरावी, ती आपण अजून राखली आहे.

मी ठरावाच्या बाजूने आहे. शहरातले बर्फाच्या कारखान्यांचे मालक एकेक जण चार-चार इंजिनाच्या होड्या आणायला निघाले आहेत. आणि मासा तर आत्ताच नाही. पूर्वी एका खेपेला टोपल्या भरायचे, गेल्या हंगामात पेडवे परातीत मावले.

सोसायटीचे सेक्रेटरी अनंतराव कालपर्यंत म्हणत होते की आधी यादी होऊ दे, मग मोड, होडी काय पळून जाते आहे. मी त्यांना सांगितलं की माझा भाऊ छत्तीस वर्षं झांशीला रेल्वेच्या मालगाडीच्या वाघिणी मोडताना आणि त्यांच्या जागी नव्या येताना बघतो आहे, त्याला विचारूनच करतो आहे. तू पाठवलेल्या मजकुराप्रमाणे मोडीचा दाखला तयार केला. साक्षीदार जगन्नाथ आणि सुतार. मजकूर सगळ्यांना इतका आवडला की अनंतरावांनी त्याची नक्कल सोसायटीच्या फळ्यावर लावली.

दुर्गा सकाळपासून घराबाहेर आलेली नाही. आत्ता आतून म्हणाली की मोठे भावोजी झांशीला बसून होडी मोडतात, फोड मात्र तुमच्या हाताला येतात. सौ. वहिनींना नमस्कार, बकुळला आशीर्वाद. आमच्यावरची तुझी माया आहे तेवढीच राहू दे, वाढली नाही तरी चालेल.

तुझा,
वामन

झांशी,
१७ मे १९८४

चि. वामन यास,
अ. आ. वि. वि.

पत्र मिळालं. दहावी फळी निघाली का ते लिही.

इथे उन्हाने कहर केला आहे. लक्ष्मी तालाचं पाणी इतकं खाली गेलं आहे की म्हशी मधोमध उभ्या राहिल्या तरी त्यांचं पोट कोरडं असतं. वर्कशॉपच्या पत्र्याखाली दुपारी कुणी कुणाशी बोलत नाही. फक्त माझ्या शेजारी काम करणारा रघुनाथ बोलतो. त्याने बेतवा नदीपलीकडे पाणी पाहिलेलं नाही. परवा विचारत होता की मिस्त्रीजी, समुंदरचा दुसरा किनारा दिसतो का. मी म्हटलं दिसत नाही. त्यावर म्हणाला की मग परत कुठे यायचं ते माणसाला कळतं कसं. मी म्हटलं, पाठ करून ठेवतात.

अनंतराव भले गृहस्थ आहेत, पण त्यांनी सरकारी काम जवळून पाहिलेलं नाही. आमच्या यार्डात एखादी वाघीण मोडीत काढायची ठरली की तिच्या अंगावर पांढरी फुली मारतात. मग चाकं निघतात, मग ती कापतात. कापल्याचा दाखला वर गेला की तिच्या बदल्यात नवी मंजूर होते. जुनी उभी ठेवून जो नवी मागतो त्याच्याकडे सगळे संशयाने बघतात, याला दोन्ही चालवायच्या आहेत असं म्हणतात. तू दाखला आधी करून ठेवलास हे उत्तम झालं. यादीच्या दिवशी लोक धावाधाव करतील तेव्हा तुझे कागद तयार असतील.

३१ मार्चला मी नोकरीतून सुटतो. दोन महिन्यांत क्वार्टर सोडावं लागेल, पण मला दोन दिवसही नकोत, लगेच तिकडे राहायला येतो. बकुळ म्हणते की ती इथेच राहील, तिची शाळा दतिया गेटजवळ आहे आणि तिला तिथे पक्की नोकरी मिळाली आहे. मी म्हणतो आधी होडी बघ, मग बोल. इंदुमती दोघांचं ऐकते आणि स्वयंपाकाला लागते.

दुर्गाला सांग की फोडांना खोबरेल लावावं, आणि टोमणे मारायचे ते पुढच्या पत्रात स्वतःच्या हाताने लिहावेत. कळावे. पत्र उशिरा आलं तरी चालेल, पण यायचं थांबू नये.

तुझा,
दादा

पेठबंदर,
२४ जून १९८४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पाऊस लागला. सगळ्या होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारल्या. सोळाव्या आणि अठराव्या होडीच्या मध्ये आपली जागा मोकळी आहे, तिथे दुपारी जगन्नाथची कुत्री झोपते. नव्या होडीचा तळ जगन्नाथच्या मांगरात, पावसाच्या आडोशाला, बसवला. बरगड्याही उभ्या राहिल्या आहेत. सुतार म्हणतो, पाऊस संपेपर्यंत फळ्या चढतील. लाकूड चांगलं निघालं.

एक मजा सांगायची राहिली. शहरातले दोघे-तिघे सोसायटीत आले आणि फळ्यावरचा तुझा मजकूर वहीत उतरवून घेऊन गेले. अनंतरावांनी विचारलं की हे कशाला, तर म्हणाले की मराठी फार छान आहे. सभा २२ जुलैला ठेवली आहे. परवाने देणारे साहेबही यायचे आहेत.

दुर्गा म्हणते, टोमणे लिहायला कागद पुरणार नाही. सर्वांना यथायोग्य. आहे तसा लोभ पावसातही कोरडा राहो.

तुझा,
वामन

झांशी,
५ जुलै १९८४

चि. वामन यास,
अ. आ.

बरगड्या उभ्या राहिल्याचं वाचून मी पत्र वर्कशॉपमध्ये घेऊन गेलो आणि रघुनाथला वाचून दाखवलं. त्याला मराठी कळत नाही, तरी शेवटपर्यंत ऐकलं. मग त्याने विचारलं की होडीला चाकं नसतात तर ती यार्डातून बाहेर कशी काढतात.

शहरातले लोक मजकूर उतरवून नेतात तर नेऊ देत. नियमाने वागणारे वाढले तर बरंच आहे. मी इथल्या साहेबांना लेखी देऊन टाकलं आहे की मला क्वार्टर वाढवून नको.

नव्या होडीला नाव काय द्यायचं ते तूच ठरव. मी ठरवलं तर स्टेशनचं नाव देईन. बाकी क्षेम. माया धरून राहा.

तुझा,
दादा

पेठबंदर,
१६ ऑगस्ट १९८४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नारळ सोडला. यादी झाली. एकोणचाळीस होड्या भरल्या, सगळ्यांवर नंबर रंगवले. शहरातल्यांची एकही आत आली नाही, याचा आनंद मान.

नव्या होडीचं काम सध्या थांबवलं आहे. सुतार दुसरीकडे गेला आहे. दुर्गा बरी आहे. मीही बरा आहे. घाईत लिहितो म्हणून थोडं आहे. लोभ ठेवावा ही विनंती नेहमीचीच, आज जरा मनापासून.

तुझा,
वामन

झांशी,
२५ ऑगस्ट १९८४

चि. वामन यास,
अ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं, तरी त्यात काही सापडलं नाही. सुतार गेला म्हणजे कुठे गेला? बंदरावर चाळीस होड्या होत्या, हे तूच मागे लिहिलं होतंस. आपली धरून एकोणचाळीस का? मग कुणाची गेली? आपला नंबर किती आला तेही नाही. इतकं कोरडं पत्र तू शाळेत असतानाही लिहिलं नव्हतंस. उलट टपाली सविस्तर लिही. इथे मी आणि इंदुमती वाट बघतो आहोत.

तुझा,
दादा

पेठबंदर,
१ सप्टेंबर १९८४

चि. बकुळ हिस,
काकीचे अ. उ. आ.

हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर घालते, कारण घरी घातलं तर मोठे भावोजी आधी फोडतील. तुझे काका म्हणाले होते की झांशीला यातलं काही कळवायचं नाही. मी हो म्हटलं नव्हतं, नुसती भाकरी थापत होते.

गेलेली होडी आपली आहे. आपल्याला नंबर मिळाला नाही, आणि आता यादी बंद झाली.

झालं ते असं. सभेच्या दिवशी शहरातले लोक एकतीस कागद घेऊन आले. प्रत्येक कागदावर लिहिलेलं, की आमची जुनी होडी या बंदरावर होती, ती अमुक तारखेला साक्षीदारांसमक्ष मोडली, तिच्या बदल्यात नवीन होडीस नंबर मिळावा. सगळे शब्द तुझ्या बाबांचे. त्या होड्या कधी नव्हत्याच. मी लग्न होऊन आले त्याला तीस वर्षं झाली, त्यांच्यापैकी एकाचीही होडी मी या वाळूवर पाहिलेली नाही. पण सह्या होत्या, साक्षीदार होते. अनंतराव म्हणाले की एक दाखला मानला तर बाकीचे नाकारायला माझ्यापाशी काय आहे. आजवर कुठे काही लिहून ठेवलेलं नव्हतं. परवान्याचे साहेबही तेच म्हणाले.

मग ठरायला लागलं की दाखले नकोतच, नारळी पौर्णिमेच्या सकाळी वाळूवर जी उभी असेल तीच होडी. आपली जुनी मोडलेली आणि नवी अजून मांगरात अर्धीच, म्हणून सगळे तुझ्या काकांकडे बघायला लागले. जगन्नाथ म्हणाला, वामनची तेवढी वेगळी धरा, आम्ही आमच्या हातांनी तिच्या फळ्या काढल्या आहेत. शहरातला एक जण हसून म्हणाला की आमच्याही फळ्या कुणीतरी काढल्याच असतील. तेव्हा दाखले नकोत म्हणून तुझ्या काकांनी हात वर केला. सगळ्यांत आधी. हे त्यांनी मला सांगितलं नाही. जगन्नाथच्या बायकोने सांगितलं, आणि सांगताना तीच रडली म्हणून मला रडता आलं नाही.

मोजणीच्या दिवशी ते अंघोळ करून, टोपी घालून मोजणाऱ्यांबरोबर फिरले. सोळावी झाली, मग अठरावी झाली. मध्ये थांबले नाहीत. अनंतराव थांबले होते, तर त्यांना म्हणाले की चला, ऊन होईल.

आता ते जगन्नाथच्या होडीवर वल्ह्याला जातात. सव्वीस वर्षं स्वतःच्या होडीचे तांडेल होते, आता दुसरा सांगेल तेव्हा जाळं टाकतात. घरी येऊन जेवतात, झोपतात. माझ्याशी भांडतही नाहीत. मी मुद्दाम आमटीत मीठ जास्त घातलं, ते खाऊन उठले.

माझा राग तुझ्या बाबांवर आहे, तो मी लपवत नाही. राग आहे म्हणून माणूस परकं होत नाही, हेही त्यांना कळू दे. तू त्यांना सांग. पण जेवणाआधी सांगू नकोस, जेवण झाल्यावर सांग.

आईला नमस्कार. काकीवरचं तुझं प्रेम तू मराठीत लिही, मी चुका काढणार नाही.

तुझी,
काकी

झांशी,
१३ सप्टेंबर १९८४

ती. सौ. काकीस,
बकुळचा सा. न.

माझं मराठी गलत झालं तर हसू नका. बोलता येतं, लिहायची आदत नाही. शाळेत पूर्ण दिवस हिंदीच शिकवते.

तुम्ही सांगितलं तसं जेवणानंतर सांगितलं. बाबांनी पत्र मागितलं, दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले की एकतीस म्हणजे फार झाले. बस, एवढंच. आई म्हणाली, काही तरी बोला. तर म्हणाले की वामन टोपी घालून गेला होता, वाचलंस का.

आता रघुनाथ चाचा सांगतात की मोडीच्या यार्डात जायचं असलं तर बाबा काही ना काही बहाणा करतात. एकदा फुली मारायला चुना दिला तर डबा खाली ठेवून निघून गेले. रोज संध्याकाळी छावणीच्या रस्त्याने फिरायला जातात, खूप लांब. पहिले आईला घेऊन जायचे. आता एकटे.

काकी, आणखी एक गोष्ट झाली आहे. रविवारी बाबा नारायणराव आजोबांकडे गेले, मी बरोबर होते. ते दतिया गेटच्या आत राहतात. त्यांचं घराणं इथे दोनशे वर्षांपासून आहे, त्यांची मराठी इतकी पुरानी आहे की मला आधी अर्थ लावावा लागतो. कचेरीतून रिटायर झाले, पण अर्ज लिहिण्याचा शौक गेला नाही. सगळं ऐकून म्हणाले की हा तर पक्का मामला आहे, खऱ्या माणसाला खोट्यांच्या रांगेत उभं केलं. तिथेच बसून अर्ज लिहिला, की आमच्या मोडलेल्या होडीला नंबर मिळावा. होडी माझ्या सख्ख्या आजोबांची होती आणि बाबा मोठे वारस, म्हणून सही बाबांनी केली. मी म्हटलं, काकांना एकदा विचारून घ्या ना. बाबा म्हणाले की विचारलं तर तो नको म्हणेल. सोमवारी रजिस्टर्ड पोस्टाने परवान्याच्या साहेबांकडे पाठवला.

मला समजत नाही की हे ठीक झालं का नाही. तुम्ही काकांना सांगून ठेवा. बाबा पत्र लिहायला बसतात, "चि. वामन यास" लिहितात आणि कागद घडी करून खिशात ठेवतात. आईने धुताना तीन काढले.

तुमच्यावर माझं प्रेम आहेच, हे वाक्य शाळेतल्या बाईंना विचारून लिहिलं आहे.

तुमची,
बकुळ

पेठबंदर,
२९ सप्टेंबर १९८४

ती. दादास,
वामनचा शि. सा. न. वि. वि.

तुझा अर्ज पोचला. साहेबांनी तो अनंतरावांकडे पाठवला आणि अनंतरावांनी मला वाचायला दिला. त्यात "सबब" हा शब्द नऊ वेळा आहे, जगन्नाथने मोजला. बाकी त्यात लिहिलेलं सगळं खरं आहे. हीच अडचण आहे.

परवा शहरातले चौघे घरी आले, पेढे घेऊन. मला वामनशेठ म्हणाले. म्हणाले की तुमच्या भावाने वाट उघडली, आता आम्ही मागून येतो, आमचेही अर्ज तयार आहेत. दुर्गाने पेढे उंबऱ्याबाहेर ठेवले आणि विचारलं की तुमच्या मोडलेल्या होड्यांची नावं सांगा. चौघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. एक जण म्हणाला की नावं कागदावर आहेत.

सुनावणी १५ ऑक्टोबरला आहे. साहेब स्पष्ट बोलले. पहिला अर्ज मान्य केला तर मोडीचा दाखला चालतो असं ठरतं, मग बाकीच्यांनाही तोच न्याय. पहिला अर्ज मागे गेला तर सुनावणीच होणार नाही आणि यादी आहे तशी राहील. सही तुझी आहे म्हणून मागे घ्यायचा तर तूच घ्यायचा. मला घेता येतो का ते विचारलं, येत नाही.

दादा, तुझं चुकलं. चुकलं नाही असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण ऑगस्टमध्ये मी तसं एक पत्र लिहून पाहिलं आहे. ते तुला लगेच कळलं. आता दुसरं ऐक. अनंतराव मला थांब म्हणाले होते. ते इथले, त्यांनी ठराव लिहिलेला, आणि मी त्यांना तुझं नाव सांगून गप्प केलं. तू म्हणालास की माझं काम मिटत होतं. विचार करायला लागत नव्हता. कुऱ्हाड मी चालवली.

हात वर केला त्याचं काही वाटत नाही असं नाही. पहाटे जगन्नाथच्या होडीला खांदा लावतो तेव्हा रोज वाटतं. पण त्या सभेत माझ्या एका खऱ्या दाखल्याच्या मागे एकतीस खोटे उभे होते, आणि मी बाजूला झालो तरच ते पडणार होते. एकतीस इंजिनं या खाडीतून बाहेर गेली असती तर दोन-तीन हंगामांत कुणालाच जाळं टाकायला काही उरलं नसतं. मग आपल्या नंबराचं काय करायचं होतं? दारावर लावायचा?

नवी होडी आहे तशी जगन्नाथला दिली. त्याची जुनी गळते आहे. साहेबांनी इथली रीत समजावून सांगितली. नवी जुनीच्या शेजारी आणून उभी करायची, त्यांच्यासमोर जुनीवरचा नंबर खरवडायचा, नवीवर रंगवायचा, आणि मग जुनी मोडायची. म्हणजे आमच्याकडे मोड शेवटी. जगन्नाथ म्हणतो, तांडेल तूच हो. मी अजून हो म्हटलेलं नाही. त्याच्या मुलाचा हक्क आहे.

मार्चमध्ये तू ये. घर आहे, माडही आहेत, दुर्गा भांडायला तयार आहे. पण अर्ज उभा ठेवून येऊ नकोस. तसा आलास तर एकोणचाळीस घरांत तुझ्याशी कुणी बोलणार नाही आणि मला त्यांना बोला म्हणता येणार नाही.

सौ. वहिनींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ या पत्राने कमी होईल याची भीती वाटते, तरी पत्र पाठवतो.

तुझा,
वामन

झांशी,
८ ऑक्टोबर १९८४

चि. वामन यास,
अ. आ.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. आज सोमवार. क्षमा मागायला शब्द शोधत होतो, सापडले ते सगळे अर्जातले होते.

माझी चूक कुठे झाली ते मला आता दिसतं. आमच्याकडे वाघीण बांधली जाते त्या दिवशी तिची नोंद होते. तीस वर्षांनी ती कापली तरी ती होती, हे कुणाला सिद्ध करावं लागत नाही. तुमच्याकडे नोंद आत्ता सुरू होत होती. पहिल्या मोजणीच्या आधी मोडलेली होडी आणि कधीच नसलेली होडी, कागदावर दोन्ही एकच. हे कळायला फार शिकावं लागत नाही. अनंतरावांना कळलं होतं. मला ते विचारायचंही सुचलं नाही, कारण मी सांगणाऱ्यांपैकी होतो, विचारणाऱ्यांपैकी नव्हतो.

काल नारायणरावांकडे जाऊन आलो. ते अर्ज मागे घेऊ नका म्हणतात. म्हणतात की मागे घेणं म्हणजे आपणही त्या एकतिसांपैकीच होतो असं लिहून देणं. बाबांची होडी खोट्यात जमा होईल. त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. त्यांना सांगितलं की एक दिवस द्या.

तुला एक सांगतो, ते कधी लिहिलं नाही. मला मासेमारी येत नाही. एकविसाव्या वर्षी निघालो तेव्हा माझ्या हातून जाळं सारखं गुंतायचं आणि बाबा म्हणायचे की याला कोरड्या जमिनीवर ठेवा. होडी मला चालवायची नव्हती. माझी इच्छा एवढीच होती की सकाळी वाळूवर जावं आणि सतराव्या जागी आपली होडी असावी, आणि कुणी विचारलं की ही कुणाची, तर सांगावं. इथे छत्तीस वर्षांत माझ्या हाताखालून किती वाघिणी गेल्या, त्यातली एकही माझी नव्हती. रेल्वे कॉलनीत लोक विचारतात की मराठे लोक इतक्या लांब कसे राहता, तेव्हा मी मनात म्हणतो की माझी एक जागा आहे, ती राखलेली आहे.

अर्ज मागे घेतला की ती जागा कायमची गेली. ठेवला तर ती मिळेलही कदाचित, पण तिच्या आजूबाजूला एकतीस होड्या येतील आणि तू तिथे खाली मान घालून उभा राहशील. इथपर्यंत मी येतो. पुढे जाता येत नाही. मी अजून ठरवलेलं नाही. ठरवलं आहे असं लिहिलं तर ते खोटं होईल.

इंदुमती म्हणते, झोपून उठा, मग बघू. ती छत्तीस वर्षं हेच म्हणते आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघालं आहे.

जगन्नाथला सांग की तांडेल वामनच हवा, असं मीही म्हणतो. पण माझं म्हणणं आता कुणी ऐकू नये हे बरं.

दुर्गाला सांग, राग ठेव. वामन, तुझी माया कमी झाली असेल तर मी तक्रार करणार नाही, तेवढं मात्र कळव.

तुझा,
दादा

मंगळवार, ९ ऑक्टोबर

काका, बाबांनी पत्र काल बंद केलं नव्हतं, म्हणून खाली मी लिहिते. आज सकाळी साडेसातला ते स्टेशनजवळच्या तारघरात गेले आणि परवान्याच्या साहेबांना तार केली की अर्ज मागे घेतो. तुम्हाला वेगळी तार केली नाही, हे पत्र पुरे म्हणाले. तिथून कामावर गेले नाहीत. घरी येऊन आईला घेऊन दतिया गेटजवळ एक खोली बघायला गेले. खोली वरच्या मजल्यावर आहे. मार्चपासून घेतली आहे, आम्हा तिघांसाठी.

बकुळ